पेटीतील अकरा नाणी

जुम्म्याची नमाज झाली, सफा मोकळ्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे मशिदीच्या मागच्या खोलीत चंद्याची पेटी उघडण्यात आली. नवी मुंबईतील आमच्या वसाहतीत हे काम महिन्यातून एकदा होते. सतरंजीवर पेटी उपडी केली जाते. कमिटीतील दोघे नोटा सरळ करतात, आणि मदरशात शिकणारी दोन-तीन मुले नाण्यांचे दहा-दहाचे ढीग लावतात. एका कोपऱ्यात स्टीलची एक ताटली ठेवलेली असते. जे नाणे पाहून हात थबकतो ते त्या ताटलीत जाते. त्या दिवशी ताटलीत अकरा नाणी जमली होती. कोणी काळवंडलेले, कोणी वाकलेले, कोणी नुसतेच अनोळखी.

ढीग लावणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलाने ताटली हलवून विचारले, “चाचा, ही सगळी खोटी आहेत की नुसती खराब झालेली?” कमिटीतील एक वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, “बेटा, एवढा विचार कशाला? चहावाल्याच्या हिशेबात एकेक करून घालून टाकू. कोणाच्या लक्षात येणार आहे?” त्यांच्या मनात कपट नव्हते. दोन-चार रुपयांचा प्रश्न, असे त्यांना वाटले असावे. मुलगा मात्र माझ्याकडे पाहत राहिला. त्याला उत्तर हवे होते, आणि माझ्याजवळ त्या क्षणी ते तयार नव्हते. मी ती ताटली रुमालात बांधून घरी आणली. पुढचे जे काही आहे ते त्या मुलाला द्यावयाचे उत्तर आहे. वाचकांच्या घरीही अशी एखादी ताटली, निदान एखादा डबा असतोच, म्हणून ते येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की अशी नाणी मशिदीच्या पेटीत इतकी का येतात, याचा आपण विचार करावा. दुकानदार जे घेत नाही, रिक्षावाला जे परत करतो, ते खिशाच्या तळाशी पडून राहते आणि शुक्रवारी पेटीसमोर हात खिशात गेला की नेमके तेच बाहेर येते. सूरह अल्-बकराच्या २६७ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना आपल्या कमाईतील चांगले तेच खर्च करण्याची आज्ञा दिली आहे आणि निकृष्ट वस्तू निवडून ती दानात देण्यापासून रोखले आहे. त्या निकृष्टाची ओळखही तेथेच सांगितली आहे. जी वस्तू तुम्हांस कोणी देऊ केली तर डोळेझाक केल्याशिवाय तुम्ही स्वतः घेणार नाही, ती निकृष्ट होय, असा त्या आयतीचा आशय आहे. आपल्या हातातील नाण्याला ही कसोटी लावून पाहावी. ते मी दुकानदाराकडून सुटे म्हणून घेतले असते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पेटीत टाकताना आपण सदका करीत नसून केवळ अडगळ हलवीत आहोत.

परंतु येथेच थोडे थांबले पाहिजे, कारण ‘मी घेणार नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एखादे नाणे मी घेत नाही कारण ते खोटे आहे, एखादे घेत नाही कारण ते झिजले आहे, आणि एखादे घेत नाही ते केवळ माझ्या अज्ञानामुळे. पहिल्यात दोष नाण्याचा, दुसऱ्यात काळाचा, आणि तिसऱ्यात सर्वस्वी माझा. शरीअतने या तिन्ही गोष्टींना एकच हुकूम लावलेला नाही.

सहीह मुस्लिममधील एक प्रसिद्ध हदीस आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना आतून ओल लागली. विचारणा करताच पावसाने धान्य भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. या हदीसचा उत्तरार्ध आपण सर्वांना ऐकवतो, पण पूर्वार्धाकडे दुर्लक्ष करतो. धान्य भिजले याबद्दल प्रेषितांनी (स.) त्या माणसाला दोष दिला नाही. पाऊस अल्लाहचा. दोष दिला तो ओल खाली दडवल्याबद्दल. म्हणजे वस्तू खराब होणे हा गुन्हा नव्हे, ती चांगली म्हणून पुढे करणे हा गुन्हा होय. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचे मर्मही हेच आहे की, खरेदीदार व विक्रेता यांनी खरे सांगितले आणि दोष उघड केला तर सौद्यात बरकत राहते, लपवला तर ती निघून जाते.

आपल्या फुकहांनी नाण्यांचा विचार किती बारकाईने केला आहे, हे पाहून मन थक्क होते. त्यांच्या काळी दिरहम चांदीचा आणि दीनार सोन्याचा. त्यात भेसळही होई, झीजही होई. हनफी ग्रंथांत त्यांच्या पायऱ्या दिलेल्या आढळतात. जो निर्मळ तो ‘जय्यद’. ज्यात किंचित हीणकसपणा आहे, जो सरकारी खजिना परत करतो पण व्यापारी आपसांत चालवून घेतात, तो ‘जुयूफ’ या वर्गातला. ज्याला व्यापारीही नाकारतात तो ‘नबहरजा’. आणि ज्यात आत तांबे असून वरून केवळ चांदीचा मुलामा आहे, तो ‘सत्तूका’. पहिले तिन्ही प्रकार कमीअधिक दर्जाचे असले तरी ते दिरहमच होत. चौथा मात्र दिरहमच्या जातीचाच नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे अल्-मरगीनानी (रह.) यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथातील एका मसल्यावरून कळते. एखाद्याने शपथ घेतली की, मी आज अमक्याचे कर्ज फेडीन, आणि त्याने ते फेडले. नंतर दिसून आले की त्यातील काही दिरहम जुयूफ किंवा नबहरजा होते. तर त्याची शपथ पूर्ण झाली, कारण त्याने दिले ते दिरहमच होते, सदोष का असेनात. परंतु ते शिशाचे किंवा सत्तूका निघाले तर शपथ मोडली. त्याने काही दिलेच नाही, असे धरले जाईल. सदोष नाणे देणाऱ्याने कमी प्रतीचे दिले, खोटे देणाऱ्याने दिलेच नाही. आमच्या मुलाने ताटली हलवून जो प्रश्न विचारला होता, तो आठशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात जसाच्या तसा उभा आहे.

आपल्या मराठीतही या विद्येच्या खुणा जागोजाग आहेत. ‘सराफ’ हा शब्दच मुळी अरबी. फिक्हच्या ग्रंथांत नाणी आणि सोन्याचांदीच्या अदलाबदलीच्या प्रकरणाला ‘किताबुस्सर्फ’ म्हणतात आणि तो व्यवहार करणारा तो सर्राफ. झिजलेल्या नाण्यावर जी कसर कापली जाई ती ‘बट्टा’. आज आपण घराण्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो, तेव्हा त्या मागे सराफाच्या गादीवरचा तोच हिशेब आहे. फरशीवर टाकल्यावर खणखणीत वाजेल ते खरे, ‘बद्द’ वाजेल ते संशयास्पद. आणि मोड न केलेला सबंध रुपया तो ‘बंदा’ रुपया. (उर्दूतला अल्लाहचा बंदा वेगळा. परंतु कानाला दोन्ही एकच वाटतात आणि मला तो योगायोग आवडतो.) सराफाने बट्टा लावला म्हणजे त्याने नाणे खोटे ठरवले असे होत नसे. उलट, बट्टा लावणे म्हणजे ते खरे असल्याची कबुलीच होती. खोट्याला बट्टा नसतो, ते नुसते परत फेकले जाते.

आता ती अकरा नाणी. दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्टरमधील एका ओळखीच्या सराफाकडे मी ताटली घेऊन गेलो आणि त्या मुलालाही बरोबर घेतले. सराफाने प्रथम काटा काढला. दहा रुपयांच्या ज्या नाण्यावरून वाद होता, त्या प्रकाराच्या नाण्याचे नियत वजन ७.७१ ग्रॅम आणि व्यास २७ मिलिमीटर. बाहेरचे कडे पिवळसर, आतली चकती पांढरट. एकेक नाणे तोलून त्यांनी बाजूला ठेवले. नंतर भिंग घेऊन त्यांनी मुलाला जे दाखवले ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

नाणे झिजते ते उंचवट्यावर, असे ते म्हणाले. सिंहांची नाके, आयाळीचे टोक, अंकाची वरची बाजू, जेथे खिशात आणि गल्ल्यात घासा बसतो तेथे झीज होते. पण अक्षरांमधल्या खोलगट जागी, कडेच्या आतल्या कोपऱ्यात बोट पोहोचत नाही. तेथे टाकसाळीचा मूळ ठसा तीक्ष्णच राहतो. ओरखडा, खळगा किंवा पोचा असेल तर तो ठशाच्या वर बसलेला दिसतो, म्हणजे आधी ठसा आणि मग घाव. खोट्या नाण्याचे उलट असते. पुष्कळदा ते साच्यात ओतलेले असते, म्हणून त्याच्या खोलगट जागाही बुजबुजीत असतात, अक्षरांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या दिसतात, कडेला साच्याच्या जोडाची रेघ राहते. त्याच्यावर घाव नसतो, झीज नसते, आणि तरीही ते धूसर असते. सराफाने मग ते नाणे त्याच प्रकाराच्या चांगल्या नाण्याशेजारी ठेवून पाहायला सांगितले. एकटे नाणे पारखण्याचा प्रयत्न करू नये, असे त्यांचे म्हणणे.

चुंबकाचा उपाय त्यांनी हसून नाकारला. स्टेनलेस पोलादाचा रुपया चुंबकाला चिकटतो, त्या आधीचा तांबे-निकेलचा चिकटत नाही, आणि दोन्ही सरकारचेच. पाच रुपयांचे जुने जाड नाणे ९ ग्रॅमचे, नंतरचे ६ ग्रॅमचे. दोन्ही खरी. सालाखालच्या खुणेचेही तसेच. मुंबईच्या टाकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. ज्याला हे ठाऊक नाही तो खूण नसलेले नाणे पाहून ओरडतो की हे नकली.

अकरांपैकी चार नाणी दहा रुपयांची होती आणि ती पूर्णपणे खरी निघाली. कोणावर रुपयाचे चिन्ह होते, कोणावर नव्हते. कोणावर दहा रेषा, कोणावर पंधरा. मागील काही वर्षांत देशभर ज्या अफवा उठल्या त्या याच फरकांवरून. रुपयाचे चिन्ह २०११ साली नाण्यांवर आले, तेव्हा त्या आधीच्या नाण्यांवर ते असणार कसे, एवढा साधा विचार कोणी केला नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला. तरी लोक ऐकेनात म्हणून १७ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा निवेदन काढून सांगितले की, दहा रुपयांची नाणी आतापर्यंत १४ निरनिराळ्या रचनांत निघाली आहेत आणि सर्व वैध आहेत. त्याच रिझर्व्ह बँकेचे एक कार्यालय आमच्या बेलापूरला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभे आहे. त्या इमारतीवरून रोज जाणारी माणसे दहाचे नाणे ‘चलत नाही’ म्हणून परत करतात!

या अफवेला अगदीच आधार नव्हता असे नाही. २०१६ सालीच दिल्लीत नकली नाणी पाडणारा एक कारखाना पोलिसांनी पकडला होता. पण एका खऱ्या बातमीतून हजार खोटे निष्कर्ष निघाले. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत अल्लाहने बजावले आहे की, एखाद्या बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करा, नाही तर अजाणतेपणी कोणाला इजा पोहोचवाल आणि मागाहून पस्तावाल. ही आयत आपण युद्धाच्या आणि भांडणाच्या प्रसंगी वाचतो. ती मोबाईलवर पुढे ढकललेल्या ‘पंधरा रेषांचे नाणे नकली’ या संदेशालाही लागू आहे, असे मला वाटते. कारण इजा खरोखरच होते. आमच्या मशिदीच्या बाहेर उकडलेली अंडी आणि शेंगा विकणाऱ्या एक विधवा भगिनी आहेत. त्यांनी एकदा माझ्या घरच्यांकडे प्लास्टिकची एक पिशवी आणली. तिच्यात दहाची चाळीस-पंचेचाळीस नाणी होती. गिऱ्हाइकांकडून त्यांनी ती घेतली, कारण नाही म्हटले तर गिऱ्हाईक जाते. पण दूधवाला घेईना, किराणावाला घेईना, घरमालक तर अंगावर आला. चारशेहून अधिक रुपये गाठीला असून त्या घरी दोन दिवस उधारीवर चूल पेटत होती. त्या बाईंना कोणी एक पैशाने फसवले नव्हते. नाणी खरी, बाई खऱ्या, आणि तरीही सर्वांनी मिळून त्यांची कमाई बुडवली होती. खोटे नाणे खपवणे हा जुलूम आहे, हे सर्वांना पटते. खरे नाणे नाकारणे हाही जुलूम आहे, हे पटवून द्यावे लागते. त्यातही तो नेहमी दुर्बलावरच पडतो, कारण सबळ माणूस दहाचे नाणे कोणी नाकारले तर नोट काढून देतो. भारतीय नाणे अधिनियम, २०११ प्रमाणे रुपया व त्यावरील नाणी एकूण १,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन आहेत. अट एवढीच की नाणे विद्रूप केलेले नसावे आणि त्याचे वजन ठरावीक मर्यादेखाली उतरलेले नसावे.

आणखी दोन नाणी पंचवीस पैशांची होती. ती खोटी नव्हती, खराबही नव्हती, चकाकत होती. पण ३० जून २०११ पासून ती चलनातून गेली. मुलाने ती कधी पाहिलीच नव्हती, म्हणून त्याला ती सर्वांत अधिक संशयास्पद वाटली. मला त्या वेळी सूरह अल्-कहफ आठवली. गुहेतील ते तरुण जागे झाले आणि त्यांनी आपल्यातील एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवले की, शुद्ध अन्न पाहून आण आणि सौम्यपणे वाग. हा उल्लेख १९ व्या आयतीत आहे. पुढचा तपशील मुफस्सिरांनी दिला आहे. इब्ने कसीर (रह.) आदींनी नमूद केल्याप्रमाणे दुकानदाराला त्या नाण्यावरचा छाप ओळखता येईना. त्याने ते शेजाऱ्याला दाखवले, त्याने पुढच्याला, आणि लोकांना वाटले की या तरुणाला कुठेतरी गाडलेले धन सापडले. तो बिचारा सांगत होता की कालच तर आम्ही याच शहरातून निघालो. नाणे अस्सल होते. बदलला होता तो काळ. बाजाराने त्या नाण्याला संशयाने पाहिले, आणि शेवटी त्याच नाण्याने अल्लाहच्या एका निशाणीची साक्ष दिली. मुलाला ही कथा पाठ होती, पण आपल्या हातात तसलेच काही आहे, हे त्याला प्रथमच जाणवले असावे. ती दोन नाणी मी त्यालाच ठेवायला दिली आणि त्यांच्याबद्दल पेटीत पन्नास पैसे टाकता येईनात, म्हणून एक रुपया टाकला.

तीन नाणी खराब झालेली होती. एक आगीत काळे पडलेले, एक बहुधा रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटे केलेले, एकाची मधली चकती निघालेली आणि कोणीतरी डिंकाने चिकटवलेली. या शेवटच्याबद्दल थोडे बोलले पाहिजे. चकती निसटणे हा अपघात, पण डिंक लावून ती सरळ करून पेटीत टाकणे म्हणजे ओले धान्य राशीच्या तळाशी घालणे. ज्याने ते केले त्याला बहुधा वाटले असेल की मशिदीला दिले तर पाप नाही. अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांत, मुसलमानांच्या चलनात असलेले नाणे विनाकारण मोडण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केल्याची एक रिवायत आहे. तिची सनद दुर्बल आहे, म्हणून मी तिच्यावर हुकूम आधारत नाही. परंतु रुळावर नाणे ठेवून गाडी जाण्याची वाट पाहणाऱ्या मुलांना ती सांगायला हरकत नाही.

आता उरलेली दोन. दोन्ही पाच रुपयांची, दोन्हींचा छाप वाकडा. यांतील एक तोलात बरोबर भरले. त्याचा ठसा मध्यभागी न बसता एका बाजूला सरकला होता, पण अक्षरांच्या खोबणी स्वच्छ होत्या. ते टाकसाळीतूनच तसे निघालेले होते. सराफ म्हणाले, संग्राहक असल्या नाण्याला जास्त पैसे देतात. दिसायला सर्वांत विचित्र तेच होते! दुसरे दिसायला पुष्कळ सरळ होते. पण काट्यावर ते हलके भरले, फरशीवर बद्द वाजले, आणि कडेला ती जोडाची रेघ होती. अकरांत खोटे निघाले ते एवढे एकच.

त्या एकाचे काय करावे? “चहावाल्याच्या हिशेबात घालू” या वाक्याचे उत्तर येथे द्यावयाचे आहे. आमच्याकडे कोकणी घराणी शाफई आहेत आणि इतर बहुतेक हनफी. हिदाया हनफींचा ग्रंथ, म्हणून आता शाफई इमामाचे मत पाहू. तूसचे इमाम गझाली (रह.), ज्यांचे निधन हिजरी ५०५ म्हणजे इ. स. ११११ मध्ये झाले, त्यांनी ‘इहया उलूमिद्दीन’मध्ये कमाईच्या शिष्टाचारांचे प्रकरण लिहिताना खोट्या दिरहमवर स्वतंत्र विवेचन केले आहे. एक खोटा दिरहम खपवणे हे शंभर दिरहम चोरण्याहून वाईट आहे, असे एका बुजुर्गाचे मत ते देतात आणि कारण सांगतात. चोरी एकदा झाली, संपली. खोटे नाणे मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. देणारा मरून जातो, तरी ते नाणे शंभर-दोनशे वर्षे फिरत राहील तोवर त्यातून होणाऱ्या प्रत्येक नुकसानीचे ओझे त्याच्या खात्यावर चढत जाते. माणूस मेला आणि त्याबरोबर त्याची पापेही मेली, तर तो भाग्यवान, असे ते म्हणतात.

इमाम साहेब एवढ्यावर थांबत नाहीत. नाणे परत आले तर ते कोणाच्या हाती लागणार नाही अशा विहिरीत टाकावे, असे ते सांगतात. व्यापाऱ्याने पारख शिकणे आवश्यक आहे, स्वतःच्या बचावासाठी नव्हे, तर न कळत आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून. आणि घेणाऱ्याला नाणे खोटे आहे हे माहीत असून तो घेत असेल, तरीही देणारा सुटत नाही. कारण तो घेतो ते पुढे कोणाच्या तरी गळ्यात मारण्यासाठीच. हा तिसरा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. “त्याला सांगूनच दिले” ही आपली आवडती पळवाट आहे. मात्र ज्यात थोडीफार चांदी आहे आणि जे त्या शहरात चलन म्हणून मान्य आहे, त्याच्याबाबत ते कठोर होत नाहीत. येथेही सदोष आणि खोटे यांतील रेषा त्यांनी पुसू दिली नाही.

देशाचा कायदाही याच बाजूचा आहे. १८६० च्या दंडसंहितेत कलम २४१ नेमके आपल्या वडीलधाऱ्यांच्या सूचनेबद्दल होते. नाणे हाती आले तेव्हा ते खोटे आहे हे ठाऊक नव्हते, पण कळल्यानंतर ते खरे म्हणून पुढे दिले, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नाण्याच्या किमतीच्या दहापटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी खोटे नाणे बनवणे आणि खपवणे हा गुन्हाच आहे. आज विहिरीत टाकण्याऐवजी ते बँकेच्या स्वाधीन करणे अधिक योग्य. विहिरीचा हेतू तेथे अधिक चांगला साधतो.

एक धोका मात्र मला येथे दिसतो. पारख शिकलेला माणूस लवकरच नाण्यांवरून माणसांवर येतो. अमका नमाजीला उशिरा येतो, तमक्याची दाढी नाही, त्या घरातील मुलगा वाईट संगतीत होता आणि आता पहिल्या सफेत उभा राहतो, म्हणजे ढोंगी. अशी बोलणी आमच्या मशिदीच्या पायऱ्यांवर होतात. मी ऐकतो. उसामा (रजि.) यांनी युद्धात कलमा उच्चारणाऱ्या माणसाला जीव वाचवण्यासाठी बोलला असे समजून मारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना, तू त्याचे काळीज चिरून पाहिले होतेस काय, या आशयाचा प्रश्न केला. काळजाचा काटा आपल्यापैकी कोणाकडे नाही. मुनाफिकांची नावे प्रेषितांनी (स.) हुजैफा (रजि.) यांना गुप्तपणे सांगितली होती, आणि माननीय उमर (रजि.) हुजैफांना इतरांची नावे विचारत नसत. त्या यादीत माझे नाव तर नाही ना, असे ते विचारत. उमर (रजि.) यांनी ज्या नाण्याची चिंता केली ते त्यांचे स्वतःचे होते. वाईट संगतीतून परतलेल्या त्या मुलाच्या अंगावर ओरखडे आहेत, हे खरे. ओरखडा ठशाच्या वर असतो, एवढे तरी सराफाने आम्हांस शिकवले आहे.

ताटलीचा हिशेब असा लागला. दहाची चार नाणी पेटीच्या रकमेत जमा झाली. वाकड्या छापाचे पाचचेही जमा झाले. संग्राहकाला विकून नफा करण्याची सूचना एकाने केली, पण कमिटीने ती सध्या बाजूला ठेवली आहे. तीन खराब नाणी मी बँकेत घेऊन गेलो आणि ती घेतली जातील की नाही हा निर्णय त्यांच्यावर सोडला. आगीत काळे पडलेले एक घेतले गेले, दोन परत आली. खोटे नाणेही तेथेच दिले. त्या भगिनींची दहाची नाणी आता कमिटी दर शुक्रवारी बदलून देते, आणि मोजणीच्या खोलीत एक छोटा काटा आला आहे. तो त्याच वडीलधाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या पैशांनी आणला.

राहिला तो बांधव, ज्याने ते खोटे नाणे पेटीत टाकले. त्याला ते ठाऊक नव्हते तर त्याच्यावर काही गुन्हा नाही, आणि ज्या सदक्याची त्याने नियत केली होती ती अल्लाहला माहीत आहे. तरी आता कळले असेल तर पाच रुपये पुन्हा टाकावेत, कारण हिदायाच्या मसल्याप्रमाणे अजून काही दिले गेलेलेच नाही. आणि ठाऊक असूनच टाकले असेल, तर तौबा त्याची आणि त्याच्या रबची गोष्ट आहे. त्याने येऊन आम्हांस काही सांगण्याची गरज नाही. पेटी पुढच्या शुक्रवारीही तेथेच, दाराच्या डाव्या बाजूला असेल.